मागचे झाकण उघडण्यापूर्वी

प्रश्न : विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी आठ महिन्यांपूर्वी एका कारखान्याच्या देखभाल विभागात रुजू झालो. आमच्या उपकेंद्रात ११ केव्हीचे (११ हजार व्होल्टचे) दहा कप्प्यांचे पॅनेल आहे. पुढच्या आठवड्यातील शटडाउनमध्ये त्यातील एका फीडरच्या (वीज पुढे नेणाऱ्या शाखेच्या) केबल कप्प्यातील इन्सुलेटर पुसणे आणि केबलची टोके सोडवून, साफ करून पुन्हा घट्ट बसवणे हे काम मला व एका मदतनिसाला दिले आहे. शेजारचे फीडर चालूच राहणार आहेत. वरिष्ठ म्हणतात, ब्रेकर (पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप करून त्याची ट्रॉली बाहेर ओढली की कप्पा मेला. टेस्टर एकदा फिरवायचा, रबरी हातमोजे घालायचे आणि काम उरकायचे. आर्थिंगमध्ये, म्हणजे फेज जमिनीशी जोडण्यात, उगाच अर्धा तास जातो, असे त्यांचे मत आहे आणि वीस वर्षे त्यांनी असेच काम केले आहे. मला भीती वाटते, पण बोलून दाखवली तर भित्रा ठरेन. माझी भीती योग्य आहे का, धोका नेमका कसा ओळखायचा आणि नकार द्यायचा झाल्यास तो कोणत्या शब्दांत द्यायचा?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमची भीती योग्य आहे. मात्र ती आज ज्या रूपात आहे, म्हणजे पोटात गोळा येणे या रूपात, त्या रूपात ती तुमच्या कामाची नाही. ती प्रश्नांमध्ये बदलली तरच कामाची ठरेल, आणि ते प्रश्न तुम्ही वरिष्ठांना विचारण्याआधी त्या पॅनेलसमोर उभे राहून स्वतःला विचारायचे आहेत. तुमच्या पत्रातील ‘कप्पा मेला’ हा शब्दप्रयोग मी दोनदा वाचला. कोणीतरी सांगितले म्हणून कप्पा मरत नाही. तो बंद असल्याचे त्या दिवशी, त्या जागी, प्रत्यक्ष हात घालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत सिद्ध व्हावे लागते. बाकी सारे उत्तर या एका गोष्टीचा तपशील आहे.

प्रथम आकड्यांकडे पाहू, कारण घरच्या विजेवर बसलेला अंदाज येथे दगा देतो. शरीरातून १ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला की मुंग्या जाणवतात आणि १० मिलिअँपिअरच्या सुमारास हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. हा प्रवाह काही दशक मिलिअँपिअरवर गेला आणि सेकंदभर टिकला, तर हृदयाचे ठोके विस्कटून ते नुसते थरथरू लागते. घरगुती दाबाला, म्हणजे व्होल्टेजला, कोरडी त्वचा थोडाफार अडथळा करते; काही हजार व्होल्टपुढे मात्र ती तत्क्षणी फुटते आणि उरतो तो शरीराच्या आतला रोध, जो साधारण ५०० ते १,००० ओहमच्या घरात असतो. तुमच्या ११ केव्ही पॅनेलमध्ये एका फेजचा जमिनीच्या तुलनेत दाब सुमारे ६,३५० व्होल्ट आहे. भागाकार करून पाहा: ६ ते १२ अँपिअर. हृदय थांबवायला पुरेशा प्रवाहाच्या शंभरपट प्रवाह झाल्यावर नुसत्या शॉकची गोष्ट उरत नाही, आतून भाजण्याची सुरू होते.

आता या १२ अँपिअरकडे ब्रेकरच्या बाजूने पाहा. जो फीडर शेकडो अँपिअरचा भार रोज वाहतो, त्याच्या ओव्हरकरंट रिलेला, म्हणजे जास्त प्रवाह ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या उपकरणाला, हे १२ अँपिअर दिसतच नाहीत. जमिनीकडे जाणारा प्रवाह टिपणारा अर्थ फॉल्ट रिले बारीक बसवलेला असेल तर तो उचलेल, पण रिले आणि ब्रेकर यांचा मिळून जो सेकंदाचा अंश जातो, तेवढ्या वेळात व्हायचे ते होऊन गेलेले असते. संरक्षण यंत्रणा केबल आणि रोहित्र वाचवण्यासाठी बसवलेली असते. घरातील ३० मिलिअँपिअरवर तुटणारे उपकरण माणसासाठी असते. तसे काही या पॅनेलमध्ये नाही. ‘काही झाले तर ट्रिप होईलच’ हे वाक्य कोणी ऐकवले तर हे गणित त्याच्यासमोर मांडा.

दुसरा एक गैरसमजही येथेच दूर करतो. पाठ्यपुस्तकात तुम्ही वाचले असेल की हवा सेंटिमीटरमागे सुमारे ३० किलोव्होल्ट सहन करते. त्या हिशेबाने ११ केव्हीची ठिणगी जेमतेम काही मिलिमीटर उडेल, मग वीतभर अंतर पुष्कळ झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तो आकडा गुळगुळीत, समांतर पृष्ठभागांचा आहे. बोल्टच्या टोकाशी, ओलसर धुळीत आणि स्विचिंगच्या वेळी क्षणभर चढणाऱ्या दाबाखाली हवा तितकी टिकत नाही. शिवाय सुरक्षित अंतरात ठिणगीपेक्षा माणसाचा हिशेब मोठा असतो: तोल जाणे, हातातला पाना घसरणे, कोणी हाक मारली म्हणून झटकन वळणे. म्हणूनच अमेरिकेच्या एनएफपीए ७०ई या मानकात या दाबाच्या उघड्या जिवंत भागापासून दीड मीटरच्या आत अप्रशिक्षित माणसाला एकट्याने येऊ देत नाहीत. तुम्हाला लागू असलेल्या नियमांतले अंतर काढून ते पॅनेलजवळ रंगवून घ्या. आठवणीत ठेवलेले अंतर घाईच्या दिवशी आक्रसते.

धोका कसा ओळखायचा, हा तुमचा मुख्य प्रश्न. त्यासाठी छापील तक्ते असतात, त्यांत रकाने असतात, आणि ते भरायचेही असतात. पण तक्ता भरण्यापूर्वी एकच प्रश्न घेऊन पॅनेलभोवती फिरा: मी जेथे हात घालणार आहे, तेथे वीज कोठून कोठून येऊ शकते? ‘कोठून येते’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर नेहमी एकच मिळते. ‘येऊ शकते’ असे विचारले की उत्तरे वाढतात. सिंगल लाइन आकृती (जोडण्यांचा एकरेषीय नकाशा) हातात घ्या, परंतु तिच्यावर विसंबू नका. प्रत्येक केबल, प्रत्येक पाटी आणि प्रत्येक हँडल आकृतीशी ताडून पाहा.

तुमच्या कप्प्यापुरते बोलायचे तर ट्रॉली बाहेर ओढल्यावर बसबारकडचे, म्हणजे सर्व कप्प्यांना वीज देणाऱ्या सामाईक पट्ट्यांकडचे, संपर्क शटरमागे जातात, पण बसबार जिवंतच राहतो, कारण शेजारचे फीडर चालू आहेत. शटर म्हणजे एक पत्रा किंवा इन्सुलेशनचा पडदा. तो अडकून अर्धा उघडा राहिलेला मी पाहिला आहे. त्याला कुलूप लावण्याची सोय असते. ते लावले आहे का, हे पाहा. केबलकडच्या बाजूला ब्रेकर उघडल्याने फक्त तुमच्या टोकाचा पुरवठा तुटला. दुसऱ्या टोकाला काय आहे? तेथे रोहित्र असेल आणि त्याच्या कमी दाबाच्या बाजूला आणीबाणीचा जनरेटर जोडलेला असेल, तर चेंजओव्हर स्विच चुकीच्या स्थितीत असताना जनरेटर सुरू होताच तेच रोहित्र उलटे चालते आणि कमी दाबाचे ११ केव्ही करून तुमच्या केबलमध्ये पाठवते. दुसरे टोक रिंगमध्ये (दोन्हीकडून पुरवठा येणाऱ्या वर्तुळाकार जाळ्यात) असेल तर पलीकडच्या उपकेंद्रातून थेट पुरवठा येऊ शकतो. म्हणून दुसऱ्या टोकाचा आयसोलेटरही (पुरवठा वेगळा करणारा स्विच) उघडा, कुलूपबंद आणि पाटी लावलेला हवा, आणि तेथे जाऊन तो कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेला हवा.

कप्प्यात मोजमापासाठी दाब उतरवणारा पोटेन्शिअल ट्रान्सफॉर्मर (पीटी) असेल तर त्याकडे विशेष लक्ष द्या. त्याचे गुणोत्तर ११,००० ला ११० असते, म्हणजे शंभरास एक. मीटरिंगच्या बाजूला कोणी चाचणीसाठी ११० व्होल्ट लावले, किंवा दुसऱ्या संचाचा दाब तेथे समांतर आला, तर त्याच्या प्राथमिक बाजूला ११,००० व्होल्ट उभे राहतात. त्याचे दुय्यम बाजूचे फ्यूज काढून खिशात ठेवणे हा दोन मिनिटांचा उपाय आहे. प्रवाह मोजण्यासाठी असलेल्या करंट ट्रान्सफॉर्मरची खोड याच्या नेमकी उलट असते: प्राथमिक बाजूने प्रवाह वाहत असताना त्याची दुय्यम बाजू कधीही उघडी सोडायची नाही, कारण मग त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या बारीक तारांवर घातक दाब चढतो. याखेरीज कप्प्यातील हीटर आणि दिवा २३० व्होल्टवर, तर नियंत्रण वायरिंग बॅटरीच्या डीसीवर चालूच असते. उच्च दाबाची इतकी खबरदारी घेऊन माणूस शेवटी हीटरच्या टर्मिनलला चिकटला, असेही होते.

येथे माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातील एक प्रसंग सांगितला पाहिजे. असेच पॅनेल होते आणि असेच काम होते. समोरून फीडरचा ब्रेकर बाहेर काढला, परमिट (कामाचा लेखी परवाना) रीतसर लिहिले गेले, समोरची पाटी बरोबर होती, आणि मागच्या झाकणावरही त्याच फीडरचे नाव होते. मी झाकणाचे बोल्ट काढले आणि आत वाकणार, इतक्यात आमच्या फोरमनने, ज्याला आम्ही सारे अतिचौकस म्हणून हसत असू, दाब ओळखणारा डिटेक्टर काठीला लावून पुढे केला. तो कर्कश वाजू लागला. दोन महिन्यांपूर्वी पॅनेलला रंग दिला होता, त्या वेळी मागची झाकणे एकत्र काढून ठेवली होती आणि परत बसवताना शेजारशेजारच्या दोन झाकणांची अदलाबदल झाली होती. मी चालू फीडरच्या मागे उभा होतो. कागद बरोबर होता, परमिट बरोबर होते, पाटीही आपल्या परीने बरोबरच होती. चुकली होती ती पाटीची जागा. त्या दिवसानंतर मी कप्प्याची ओळख झाकणावरच्या नावावरून कधी पटवली नाही. सांगाड्याच्या न निघणाऱ्या भागावर क्रमांक रंगवून घेतला, आणि तो नसेल तेथे पॅनेलच्या कडेपासून कप्पे मोजले. तुम्हीही मोजा. मागच्या बाजूने मोजताना क्रम उलटा होतो, हेही लक्षात असू द्या.

आता टेस्टर ‘एकदा फिरवण्या’विषयी. पहिली अट अशी की तो त्या दाबासाठी बनवलेला, इन्सुलेटेड काठीवर बसणारा उच्च दाबाचा डिटेक्टर असावा. खिशातील पेनासारखा टेस्टर येथे आणायचाच नाही. दुसरी अट अशी की तपासणी तीन टप्प्यांची असावी. आधी चालू असल्याचे ठाऊक असलेल्या ठिकाणी किंवा निर्मात्याने दिलेल्या चाचणी यंत्रावर डिटेक्टर वाजतो हे पाहायचे, मग कामाच्या जागी तिन्ही फेज एकेक करून तपासायचे, आणि लगेच पुन्हा पहिल्या ठिकाणी जाऊन तो अजूनही वाजतो हे पाहायचे. तिसरा टप्पा लोक गाळतात. पण बॅटरी नेमकी मधल्या मिनिटात संपली किंवा काठी आपटून आतला जोड सुटला, तर डिटेक्टरची शांतता आणि बंद पॅनेलची शांतता यांत फरक करायला दुसरा मार्ग नाही.

एवढे करूनही डिटेक्टरला न दिसणाऱ्या गोष्टी असतात, आणि त्या मला तुमच्या कामात स्पष्ट दिसतात. हे कपॅसिटिव्ह पद्धतीचे डिटेक्टर प्रत्यावर्ती दाब ओळखतात; केबलमध्ये साठून राहिलेला डीसी विद्युतभार त्यांना कळत नाही. शिवाय धातूचे आवरण असलेल्या केबलवर डिटेक्टर टेकवला तर विद्युत क्षेत्र आवरणाच्या आतच अडकलेले असल्याने तो गप्प राहतो, आणि केबल मात्र पूर्ण दाबाखाली असू शकते. तपासणी उघड्या टोकावर किंवा खास त्यासाठी दिलेल्या बिंदूवरच करायची.

साठलेल्या विद्युतभाराविषयी आणखी थोडे. लांब केबल हा एक मोठा कपॅसिटरच आहे. पुरवठा तोडल्यावर किंवा मेगर (इन्सुलेशन तपासणारे यंत्र) लावल्यावर तिच्यात भार उरतो. एकदा जमिनीशी जोडलेल्या रॉडने डिस्चार्ज करून तो काढून घेतला तर इन्सुलेशनमध्ये मुरलेला भार हळूहळू पुन्हा वर येतो. उपकेंद्रात कपॅसिटर बँक असेल तर तिच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा अशी आहे की आतल्या रोधांमुळे १० मिनिटांत दाब ७५ व्होल्टपर्यंत उतरावा. परंतु तो रोध जळला आहे की शाबूत, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून १० मिनिटे थांबायचे, आणि तरीही रोध जळलेलाच आहे असे धरून डिस्चार्ज रॉड लावायचा.

येथे आपण त्या अर्ध्या तासाशी येतो, जो तुमच्या वरिष्ठांना वाया गेलेला वाटतो. आतापर्यंत सांगितलेले सर्व उपाय, म्हणजे कुलूप, पाटी, डिटेक्टर, परमिट, हे तुम्ही काम सुरू केले त्या क्षणापर्यंतचे आहेत. काम सुरू झाल्यावर तासाभराने दुसऱ्या टोकाला कोणी जनरेटर सुरू केला, कोणी चुकीचे हँडल फिरवले, तर त्या घडीला तुमच्या आणि त्या चुकीच्या मध्ये उभी राहणारी एकच गोष्ट असते: तिन्ही फेज एकमेकांशी आणि जमिनीशी जोडणारी जाड तांब्याची तार. आलेला पुरवठा त्या तारेतून शॉर्ट होतो, रिलेला हजारो अँपिअर दिसतात, ब्रेकर पडतो, आणि तुमच्या हाताखालचा दाब तेवढ्या वेळातही आवाक्यात राहतो. दुसऱ्याच्या चुकीनंतरही तुम्हाला वाचवू शकणारा हा एकमेव उपाय आहे, आणि नेमका तोच वगळण्याचा सल्ला तुम्हाला मिळाला आहे.

आर्थिंगचा क्रम पाठ करा. आधी जमिनीकडचा क्लॅम्प, मग इन्सुलेटेड काठीने एकेक फेज. काढताना उलट, म्हणजे आधी फेज आणि सगळ्यात शेवटी जमिनीकडचा क्लॅम्प. क्रम चुकला तर भार उरलेल्या फेजला जोडलेली तार तुमच्या हातात आणि तिचे दुसरे टोक हवेत, अशी अवस्था होते. तार त्या ठिकाणच्या शॉर्ट सर्किट प्रवाहाला, ब्रेकर पडेपर्यंत, न वितळता पुरली पाहिजे. गोदामात सापडलेल्या वायरचा तुकडा गुंडाळणे म्हणजे आर्थिंग नव्हे. क्लॅम्प रंगावर किंवा गंजावर बसवू नका.

तुमच्या पॅनेलमध्ये बहुधा केबलकडचा आर्थ स्विच असेल. असेल तर वरिष्ठांचा अर्धा तासही वाचेल, कारण डिटेक्टरने तपासून तो टाकायला मिनिटेच लागतात. मात्र तुमच्या कामात एक खोच आहे, आणि ती तुमच्या पत्रातील एका वाक्यात लपली आहे: केबलची टोके ‘सोडवून’ साफ करायची आहेत. टोक सोडवले की केबल पॅनेलपासून वेगळी झाली, म्हणजे पॅनेलमधल्या आर्थ स्विचपासूनही वेगळी झाली. त्या क्षणापासून स्विचचे हँडल ‘आर्थ’ दाखवत असले तरी तुमच्या हातातली केबल आर्थवर नाही. दुसऱ्या टोकाकडून काही आले तर ते थेट तुमच्यापर्यंत येईल. म्हणून टोक सोडवण्याआधी केबलच्या बाजूला वेगळे, सुटे आर्थिंग बसले पाहिजे, आणि शक्य असेल तर केबलचे दुसरे टोकही तिकडे आर्थ केलेले असावे. हा मुद्दा अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटतो. वरिष्ठांशी बोलताना आधी हाच मांडा.

हातमोज्यांविषयी थोडक्यात सांगतो. आयईसी ६०९०३ या मानकाप्रमाणे पहिल्या वर्गाचे मोजे ७,५०० व्होल्टपर्यंत आणि दुसऱ्या वर्गाचे १७,००० व्होल्टपर्यंत वापरता येतात, म्हणजे ११ केव्हीसाठी दुसरा वर्ग लागतो. तुमच्याकडचे ‘रबरी हातमोजे’ कोणत्या वर्गाचे आहेत आणि त्यांच्यावर गेल्या सहा महिन्यांतील चाचणीची तारीख आहे का, हे पाहा. वापरण्यापूर्वी मनगटाकडून गुंडाळून आत हवा कोंडा आणि कोठे सुटते का ते ऐका. वरून चामड्याचे मोजे घाला, कारण तांब्याचा एक टवका रबराला पुरतो. आणि हे मोजे डिटेक्टर व आर्थिंग रॉड हाताळताना वापरायचे आहेत. जिवंत भागाला हात लावण्याची ती परवानगी नव्हे.

आता एक धोका, जो तुमच्या पत्रात कोठेच आलेला नाही. शॉकसाठी जिवंत भागाला शिवावे लागते किंवा त्याच्या फार जवळ जावे लागते. आर्कसाठी, म्हणजे हवेतून पेटणाऱ्या विजेच्या ज्वालेसाठी, तितकीही गरज नाही. दोन फेजमध्ये किंवा फेज आणि सांगाडा यांत आर्क पेटली तर तिच्या गाभ्याचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागाच्या, म्हणजे सुमारे ५,५०० अंश सेल्सिअसच्या, कितीतरी वर जाते. तांब्याची वाफ होताना ते सुमारे ६७,००० पट फुगते, आणि मग झाकण, वितळलेले थेंब व आवाजाचा धक्का हे सारे एकदमच समोरच्या माणसावर येते. अभियंते राल्फ ली यांनी १९८२ मध्ये या भाजण्याचा हिशेब मांडला, तोवर विजेचा अपघात म्हणजे शॉक, इतकेच बहुतेकांना दिसत होते. त्वचेला फोड येण्याइतकी इजा चौरस सेंटिमीटरमागे १.२ कॅलरी ऊर्जेपासून सुरू होते. पॅनेलवरील आर्क, ब्रेकर पडायला किती वेळ लागतो त्या प्रमाणात, त्याच्या कितीतरी पट ऊर्जा टाकू शकते.

तुमच्या कामात आर्कचा सर्वांत धोक्याचा क्षण केबल पुसण्याचा नाही. तो आहे ट्रॉली आत-बाहेर करण्याचा, कारण तेव्हा संपर्क जिवंत बसबारशी जुळत किंवा सुटत असतात. ब्रेकर खरोखर उघडला आहे हे फक्त दिव्यावरून न ठरवता यांत्रिक दर्शकावरही पाहा, आणि शक्य असेल तेव्हा दार बंद ठेवूनच ट्रॉली हलवा. दूरून हलवण्याची सोय असेल तर ती वापरा; नसेल तर समोर छाती करून उभे न राहता बाजूला राहा, आणि मदतनिसाला खोलीबाहेर थांबवा. आर्कसाठी मोजमाप केलेला पोशाख आणि तोंड झाकणारी ढाल अंगावर हवी. पॉलिएस्टरचा शर्ट आतूनसुद्धा नको, कारण तो वितळून कातडीला चिकटतो. हातातले कडे, गळ्यातली साखळी, धातूची घड्याळाची पट्टी उतरवून ठेवा. सारे उगाच वाटेल इतके अवजड वाटते, हे मला ठाऊक आहे.

क्रमाच्या बाबतीत नवीन शोध लावण्याची गरज नाही. युरोपात तो पाच नियम म्हणून घोटून घेतात: सर्व बाजूंनी तोडा, पुन्हा जोडले जाणार नाही अशी तजवीज करा, दाब नसल्याची खात्री करा, आर्थ आणि शॉर्ट करा, शेजारचे जिवंत भाग झाका. यातल्या दुसऱ्या नियमापाशी माझा एक हट्ट आहे. कुलूप तुमचे, किल्ली तुमच्या खिशात, आणि मदतनिसाचे कुलूप वेगळे. परमिट घेणाऱ्याने ते स्वतः परत केल्याशिवाय पुरवठा सुरू होता कामा नये. ‘मी साडेपाचपर्यंत बाहेर येतो, तुम्ही साडेपाचला चालू करा’ असा घड्याळावरचा करार कधीही, कोणाशीही करू नका. एक बोल्ट अडकतो, दोन घड्याळांत पाच मिनिटांचा फरक असतो, आणि फोन लागत नाही. परत करण्याआधी हत्यारे आणि फडकी मोजा. आत विसरलेला पाना पुढच्या माणसासाठी आर्क होऊन थांबलेला असतो.

पाचव्या नियमापाशी मात्र एक वेगळा प्रश्न विचारून पाहा: शेजारचे फीडर चालू ठेवणे खरोखर आवश्यक आहे का? शटडाउन घेतलेच आहे, तर संपूर्ण बस बंद ठेवून हे काम दोन तासांत होणार असेल, तर शटर, पडदे, अंतर या सगळ्याची जोखीम एका फटक्यात नाहीशी होते. धोका आहे तसाच ठेवून त्याच्याभोवती कुंपण घालण्यापेक्षा तो काढून टाकता येतो का, हे आधी पाहायचे असते. पुष्कळदा असे दिसते की फीडर चालू ठेवण्याचा निर्णय कोणी विचारपूर्वक घेतलेलाच नसतो. मागच्या वेळी चालू होता म्हणून याही वेळी चालू असतो.

तुम्ही विचारले नाही, तरी एवढे सांगून ठेवतो. मदतनीस विजेला चिकटलेला दिसला तर त्याला ओढायला धावू नका. घरगुती दाबात कोरडी काठी चालते म्हणून येथेही चालेल असे नाही. उच्च दाबात आधी पुरवठा तुटला पाहिजे, मग स्पर्श. तो कोणता ब्रेकर पाडल्याने तुटेल आणि तो कोठे आहे, हे काम सुरू होण्यापूर्वी तुम्हा दोघांना ठाऊक हवे. माणूस सुटल्यावर श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहा आणि मदत येईपर्यंत थांबू नका. तो उठून बसला आणि ‘काही झाले नाही’ म्हणाला, तरी त्याला रुग्णालयात न्यायचेच, कारण आतले भाजणे बाहेरून दिसत नाही आणि हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

राहता राहिला नकार. माझा सल्ला असा की नकार देऊच नका; अट घाला. ‘मी हे करणार नाही’ म्हटले की चर्चा तुमच्या धैर्याची होते. ‘हे झाले की मी लगेच सुरू करतो’ म्हटले की चर्चा कामाची होते. वरिष्ठांना एकटे गाठा, चारचौघांत नको, आणि शटडाउनच्या सकाळी तर नकोच, आजच जा. आकृती समोर ठेवून म्हणा, ‘साहेब, टोके सोडवल्यावर केबल आर्थ स्विचवरून सुटते. सुटे आर्थिंग कोठे लावायचे, ते मला पॅनेलवर दाखवाल का?’ यात त्यांच्या वीस वर्षांवर आक्षेप नाही. त्यांना उत्तर द्यायला आकृतीत डोकवावे लागेल, आणि डोकावणारा अनुभवी माणूस बहुधा स्वतःच पुढचे बोलतो. मीही फोरमनच्या बाबतीत हसणाऱ्यांत होतो, हे विसरू नका. वीस वर्षे काही झाले नाही याचा अर्थ कधी उलटा पुरवठा आला नाही, कधी झाकणे बदलली गेली नाहीत इतकाच असतो, आणि तो त्यांचा दोष नव्हे.

तरीही त्यांनी उडवून लावले, तर हाच मजकूर परमिटच्या अर्जावर ‘आवश्यक खबरदारी’ या रकान्यात लिहा: दुसऱ्या टोकाचा आयसोलेटर उघडा व कुलूपबंद, पीटीचे दुय्यम फ्यूज काढलेले, बसबारकडचे शटर कुलूपबंद, केबलच्या बाजूला सुटे आर्थिंग. परमिट घेणाऱ्याची सही तुमची आहे, आणि या ओळी पूर्ण झाल्याचे पाहिल्याशिवाय ती सही करण्यास तुम्हाला कोणी भाग पाडू शकत नाही. लिहिलेला रकाना खोडून परमिट देण्याची जबाबदारी सहसा कोणी स्वतःच्या नावावर घेत नाही.

शटडाउनच्या आदल्या दिवशी मदतनिसाला घेऊन पॅनेलच्या मागे जा, समोरून मोजताना धरलेल्या त्याच कडेपासून कप्पे मोजा, आणि तुमच्या कप्प्याच्या सांगाड्यावर, झाकणावर नव्हे, त्याचा क्रमांक रंगवून घ्या. आर्थिंगचा जमिनीकडचा क्लॅम्प जेथे बसणार आहे ती पट्टीही त्याच वेळी खरवडून स्वच्छ करून ठेवा. वरिष्ठांच्या अर्ध्या तासातली दहा मिनिटे तेथेच वाचतील.